रानफुलाचा सोबती : रेव्हरंड टिळक



जग, देह आणि सैतान हे आत्म्याचे तीन शत्रू, असे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले आहे. दर रविवारी मात्र आपण आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावरील श्रद्धा प्रकट करतो, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपली निर्मिती पाहून ती चांगली ठरवतो. मग जग मुळात वाईट, की चांगले? की माती, दगड आणि पाणी, ना चांगले ना वाईट? रेव्हरंड नारायण वामन टिळक हा प्रश्न आयुष्यभर जगले. ते प्रॉटेस्टंट होते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांचे नाव परके नाही.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. वडील तापट, आई प्रेमळ. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. पुढे लक्ष्मीबाईंशी लग्न झाले, पण घरात पाय ठरेना. न सांगता निघून जावे, कुठे शिकवावे, कुठे कीर्तन करावे, पैसे असतील तर वाटून टाकावेत. देव हवा तर संसार सोडला पाहिजे, ही आपल्या देशातील जुनी समजूत त्यांच्याही मनात होती. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सारे लिहिले आहे. वाचताना हसू येते. मग मागे राहिलेल्या त्या बाईचे कसे झाले असेल हे मनात येते आणि हसू थांबते.

राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. त्या प्रवचनात प्रभू येशू पित्याची काळजी समजावून सांगतो, ती पाखरे आणि रानातली फुले दाखवून. जग म्हणजे टाकून देण्याची माया, असे ऐकत आलेल्या कवीला हा गुरू नवीनच भेटला असावा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अनेक वर्षे काम केले. 'ज्ञानोदय'चे संपादन केले, भक्तिगीते लिहिली, आणि मराठीने त्यांना फुलामुलांचा कवी म्हटले. 'वनवासी फूल' या दीर्घ काव्यात जगापासून दूर राहावे की जगात राहावे, हाच वाद आहे. 'केवढे हे क्रौर्य' तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन धडपडत घरट्याकडे येते आणि पिलांची काळजी वाहत प्राण सोडते. रान दुष्ट नाही, पाखरू दुष्ट नाही. क्रौर्य माणसाच्या हातून आले.

आपल्या मुळशीला हे वेगळे सांगायला नको. टिळकांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला. पाऊस तोच आणि मुळा-नीळेचे पाणीही तेच. त्या पाण्याने मुंबईला वीज दिली आणि पेट्यातली गावे बुडाली. सेनापती बापट आणि त्यांचे सत्याग्रही पाण्याशी भांडत नव्हते.

म्हणून निसर्ग नुसता तटस्थ आहे असे म्हणावे, तर टिळकांना ते मानवले नसते. पित्याने दिलेली भेट तटस्थ कशी असेल? पण ससाणाही चिमणीला मारतो, त्याला शिकारी लागत नाही. नगर भागात टिळकांनी दुष्काळ जवळून पाहिला, प्लेगही पाहिला. दरड कोसळते तेव्हा खाली कोण झोपले आहे हे ती पाहत नाही. या शंकेला त्यांच्या कवितेत पुरते उत्तर आहे असे मला वाटत नाही. त्यांचे उत्तर घराच्या उघड्या दारात अधिक दिसते. 'फुलराणी' लिहिणारे बालकवी ठोंबरे याच घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. हा संन्यास मात्र तरुणपणीच्या पळण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांनी लक्ष्मीबाईंना मागे सोडले होते. आता पगार सोडला आणि लक्ष्मीबाईंसह राहिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. देहू आपल्यापासून फार दूर नाही. तुकोबाही भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडापाखरांत जाऊन बसत, आणि संध्याकाळी खाली घरी येत.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. प्रभूच्या जीवनावरील 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य थोडेच लिहून झाले होते. लग्नाच्या वेळी ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि १९३८ मध्ये ते ग्रंथरूपाने छापून आले.