डॉ. बिधानचंद्र रॉय

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक ही आखीव-रेखीव वसाहत आहे. तिचे अधिकृत नाव बिधाननगर. मराठी वाचकाला हे नाव विधानसभेवरून पडले असावे, असे वाटेल. परंतु ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यावरून दिलेले आहे आणि त्यांच्या नावाचे मूळ तर राजकारणात नसून उपासनेत आहे. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी १८८० मध्ये आपल्या पंथाला ‘नवविधान’ असे नाव दिले. विधान म्हणजे येथे ईश्वराची योजना. त्यावरूनच केशवचंद्रांनी या बालकाचे नाव ठेवले, असे सांगतात. महाराष्ट्रातील प्रार्थना समाजाच्या स्थापनेमागे याच केशवचंद्रांच्या १८६४ मधील मुंबईभेटीची प्रेरणा होती.

बिधानचंद्रांचा जन्म १ जुलै १८८२ रोजी पाटण्याजवळील बांकीपूर येथे झाला. वडील प्रकाशचंद्र सरकारी नोकरीत होते. आई अघोरकामिनी देवी यांनी प्रौढ वयात, मुली मोठ्या झालेल्या असताना, लखनौला जाऊन शिक्षण घेतले आणि परतल्यावर मुलींसाठी शाळा चालवली. घरात नित्य प्रार्थना होत असे; परंतु ती डोळे मिटून बसण्यापुरती नव्हती. निराधार मुलांना त्या घरात आसरा मिळे आणि घरची मुले आपली कामे स्वतः करीत. ईश्वर सर्व पाहतो, ही जाणीव मुलांच्या मनात धाक म्हणून नव्हे, तर आदर म्हणून रुजली. १८९६ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा बिधानचंद्र अवघे चौदा वर्षांचे होते.

१९०१ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पैशांची इतकी ओढाताण होती की, रुग्णांची शुश्रूषा करून ते खर्च भागवीत. तेथेच त्यांची खरी कसोटी लागली. कर्नल पेक या प्राध्यापकांची घोडागाडी महाविद्यालयाच्या फाटकापाशी ट्रामवर आदळली. ही घटना बिधानचंद्रांनी पाहिली होती. दोष ट्रामचालकाचा होता, अशी साक्ष त्यांनी द्यावी, अशी प्राध्यापकांची इच्छा होती. बिधानचंद्रांनी नकार दिला, कारण चूक गाडीवानाचीच होती. पुढे त्याच प्राध्यापकांनी त्यांना तोंडी परीक्षेत अनुत्तीर्ण केले. व्यवहारी माणूस या वागण्याला अविचार म्हणेल. परंतु परीक्षकाची नाराजी आणि खोट्या साक्षीचे ओझे यांत कोणते अधिक जड, हे या तरुणाने क्षणात ओळखले होते. डगमगून न जाता त्यांनी दुसरी परीक्षा दिली आणि ते वैद्य झाले.

१९०९ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने त्यांचे अर्ज पुन्हा पुन्हा नाकारले. तरीही ते अर्ज करीत राहिले. अखेर प्रवेश मिळाला आणि सुमारे दोन वर्षांत औषधशास्त्र व शल्यचिकित्सा या दोन्हींतील अत्युच्च पदव्या मिळवून ते १९११ मध्ये मायदेशी परतले. पुढे अध्यापक, कलकत्त्याचे महापौर, विद्यापीठाचे कुलगुरू अशी पदे त्यांच्याकडे आली. पुण्याशीही त्यांचा संबंध आला. १९३३ मध्ये पर्णकुटीत आणि १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये महात्मा गांधींनी उपवास केले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांमध्ये बिधानचंद्र होते.

जानेवारी १९४८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते; कलकत्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्या व्यापातही सकाळी काही वेळ रुग्णांना विनामूल्य तपासण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. शहराला जागा मिळावी म्हणून पूर्वेकडील खाऱ्या दलदलीत भर घालण्याची योजना त्यांनी हाती घेतली. युगोस्लाव्हियातील तज्ज्ञांच्या साहाय्याने हुगळी नदीतील गाळ पाण्यात मिसळून नळांवाटे तेथे सोडायचा, अशी ती पद्धत होती. एप्रिल १९६२ मध्ये कामाचा प्रारंभ झाला. या भरावाखाली मासे पाळण्याची तळी गेली आणि त्यांवर पोट भरणाऱ्यांना नवा मार्ग शोधावा लागला, हेही विसरता येणार नाही.

ती वसाहत उभी राहिलेली मात्र त्यांना पाहता आली नाही. १ जुलै १९६२ रोजी, म्हणजे आपल्या ऐंशीव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. त्या सकाळी त्यांनी ब्राह्मो प्रार्थनागीतांचे पुस्तक हाती घेऊन एक पद म्हटले होते, असे चरित्रकार सांगतात. आपले राहते घर त्यांनी अघोरकामिनी देवींच्या नावाने रुग्णालय चालवण्यासाठी आधीच देऊन टाकले होते.