पाटी उतरली, नाव राहिले

रक्ततपासणीच्या अहवालातील ‘इओसिनोफिल’ हा शब्द आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना अपरिचित नाही. जंत, दमा किंवा हत्तीरोगाच्या कृमींमुळे रात्री उसळणारा खोकला यांच्या निमित्ताने तो घरोघरी पोहोचला आहे. ज्यांनी हे नाव दिले, त्या पॉल एर्लिख यांचे स्मरण मात्र क्वचितच होते.

एर्लिख यांचा जन्म १८५४ साली प्रशियातील स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेपासून त्यांना रंगांचे विलक्षण वेड. कोणती पेशी कोणता रंग पत्करते, हे सूक्ष्मदर्शकातून न्याहाळीत ते तासन् तास बसत. १८७९ साली, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात असताना, इओसिन हा तांबूस रंग आवडीने शोषून घेणाऱ्या श्वेतपेशी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. पुढे क्षयाने गाठले. इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन ते बरे होऊन परतले. घटसर्पावरील प्रतिविषाची शक्ती मोजण्याची पद्धत त्यांनी घालून दिली, १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळविले आणि जपानी सहकारी हाता यांच्या साहाय्याने उपदंशावरील औषध सिद्ध केले. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

शरीर सहसा स्वतःवर विषप्रयोग करीत नाही, अशी एर्लिख यांची धारणा होती. त्यांच्याच इओसिनोफिलने या धारणेची मर्यादा पुढे दाखविली. या पेशींच्या कणांत कृमींना घायाळ करणारी प्रथिने असतात. परंतु दम्यासारख्या विकारात तीच प्रथिने रोग्याच्या श्वासनलिकांचे अस्तर जाळतात. रक्षण करणारे शस्त्र अनाठायी उगारले की स्वगृहाचाच घात होतो.

राष्ट्रदेहाचेही असेच होते. ज्या जर्मनीला एर्लिख यांनी कीर्ती मिळवून दिली, तिने नाझी अमदानीत केवळ ते ज्यू होते म्हणून फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरील त्यांच्या नावाची पाटी उतरविली. त्यांच्या वृद्ध पत्नी हेडविग यांना देशत्याग करावा लागला. स्वकीयांना परके ठरवून त्यांच्यावर तुटून पडणारी ती राजवट १९४५ साली धुळीस मिळाली.

परकीय सत्तेशी झुंजलेल्या आमच्या पिढीला यातून एकच सांगावेसे वाटते: शत्रू ओळखण्याइतकेच आपली माणसे ओळखणे महत्त्वाचे आहे. पाट्या उतरविता येतात. परंतु एर्लिख यांनी दिलेले नाव आजही प्रत्येक रक्त-अहवालात उमटते आहे.