दिपोनेगोरो

राजपुत्र दिपोनेगोरो (११ नोव्हेंबर, इ.स. १७८५ : योग्यकर्ता, जावा - ८ जानेवारी, इ.स. १८५५ : माकासार, सुलावेसी) हे डच सत्तेविरुद्धच्या जावा युद्धाचे (इ.स. १८२५-३०) नेते होते.

जीवन
ते योग्यकर्त्याचे सुलतान तिसरे हामेंगकुबुवोनो यांचे ज्येष्ठ पुत्र; मात्र त्यांची आई पट्टराणी नव्हती. राजवाड्याबाहेर तेगालरेजो येथे पणजीने त्यांचा सांभाळ केला. तेथे त्यांच्यावर इस्लामी संस्कार झाले.

जावा युद्ध
दरबारातील डचांचा हस्तक्षेप आणि जकातनाक्यांचा जाच यांमुळे जनतेत असंतोष होता. इ.स. १८२५मध्ये दिपोनेगोरोंच्या जमिनीवर नव्या रस्त्याच्या खुंट्या रोवल्या गेल्या व त्या निमित्ताने युद्धास तोंड फुटले. शेतकरी, धर्मगुरू व अनेक सरदार त्यांना मिळाले. त्यांच्या गनिमी काव्यापुढे डच सैन्य प्रथम हतबल ठरले. पुढे जनरल डी कॉक याने ठिकठिकाणी गढ्या बांधून त्यांची कोंडी केली. २८ मार्च, इ.स. १८३० रोजी मागेलांग येथे वाटाघाटींसाठी आलेल्या दिपोनेगोरोंना त्याने अटक केली. या युद्धात सुमारे २ लाख जावावासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी डचांनी जावात सक्तीच्या निर्यातपिकांची पद्धत सुरू केली.

हद्दपारी व वारसा
मनाडो येथील कैदेत त्यांनी 'बाबाद दिपोनेगोरो' हे पद्य आत्मचरित्र रचले. इ.स. २०१३मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदवहीत त्याचा समावेश झाला. माकासार येथे कैदेतच त्यांचे निधन झाले. इंडोनेशियाने इ.स. १९७३मध्ये त्यांना राष्ट्रीय वीर घोषित केले.