फादर आंजेलो सेक्की, येशूसंघीय

ज्योतिषशास्त्राच्या अभ्यासकांस फादर सेक्की यांचें नांव सुपरिचित आहे. आपल्या धर्मग्रामांत मात्र तें फारसें ऐकूं येत नाहीं. म्हणून या ज्युबिली अंकांत त्यांचें अल्प चरित्र देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इटलींतील रेज्जो शहरीं १८१८ सालीं त्यांचा जन्म झाला. १८३३ सालीं ते येशूसंघांत शिरले व १८४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षीं रोमांत क्रांतीची धामधूम उडून येशूसंघीयांस शहर सोडावें लागलें. इंग्लंड व अमेरिका येथील वनवास संपवून ते परतले, तेव्हां रोमन कॉलेजाची वेधशाळा त्यांच्या हातीं आली. संत इग्नेशियसच्या मंदिराचा घुमट कधींच बांधला गेला नव्हता. त्या घुमटाकरितां रचलेल्या भक्कम खांबांच्या आधारावर त्यांनीं नवी वेधशाळा उभारली.

लोलकांतून प्रकाश गेला म्हणजे रंगपट उमटतो, आणि वाटेंतील वायूंनीं जो प्रकाश शोषिला त्याच्या जागीं काळ्या रेषा दिसतात. या खुणांवरून फादर सेक्कींनीं सुमारें ४,००० ताऱ्यांची वर्गवारी केली. पुढें १८६९ सालीं, म्हणजे मुंबईस येशूसंघीयांनीं सेंट झेवियर्स कॉलेज उघडलें त्याच वर्षीं, त्यांनीं युरेनस ऊर्फ प्रजापति या ग्रहाकडे यंत्र वळविलें. ग्रहाचा प्रकाश सूर्याकडून उसना घेतलेला. तेव्हां रंगपटही सूर्याचाच दिसावा. पण तेथें सूर्याच्या पटांत नसलेले रुंद काळे पट्टे आढळले! ते कोणत्या वायूचे, हें त्या काळीं कोणासच सांगतां येण्याजोगें नव्हतें. फादरांनीं तर्काचे इमले न रचतां, जें दिसलें तेंच प्रसिद्ध केलें. आमच्या मतें त्यांची खरी थोरवी येथेंच आहे.

१८७० सालीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें आणि पुढें कॉलेजही सरकारजमा झालें. नव्या सरकारानें मानाच्या जागा देऊं केल्या, तरी पोपमहाराजांवरील त्यांची निष्ठा ढळली नाहीं. वेधशाळाही त्यांनीं सोडली नाहीं. २६ फेब्रुवारी १८७८ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले.

त्या पट्ट्यांचा उलगडा होण्यास पुढें अर्धें शतक लागलें. १९३२ सालीं रूपर्ट विल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें मोठ्या ग्रहांच्या पट्ट्यांत मिथेन व अमोनिया ओळखले. मिथेन म्हणजे दलदलींतून बुडबुडे येतात तो वायु. त्याचें मुख्य शोषण डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत होतें. दिसणाऱ्या लाल प्रकाशांत त्याचे केवळ क्षीण पडसाद उमटतात. म्हणून प्रयोगशाळांत लांबच लांब नळ्यांत तो दाबून भरावा लागला, तेव्हां कोठें पट्टे जुळले. त्या दूरच्या ग्रहांवरील कडाक्याच्या थंडींत मिथेनचा अवरक्त रंगपट कसा बदलतो, हें मोजण्याचें काम प्रयोगशाळांत अद्याप चालूच आहे.