मेंढरांसाठी माणसं उठवणारा कारभारी : पॅट्रिक सेलर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला सदरलंड नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं पॅट्रिक सेलरचं नाव २०० वर्षांनंतरही लोक रागानंच घेतात.

सेलरचा जन्म १७८० चा. शिकला वकिली. पुढं सदरलंडच्या जहागिरीत कारभारी म्हणून लागला. मालकीण होती सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ. खंड गोळा करणं आणि कुळांना नोटिसा देणं हे सेलरचं काम.

त्या काळी लोकरीला चांगला भाव होता. डोंगरातल्या कुळांच्या तुटपुंज्या खंडापेक्षा मेंढपाळीचे मोठे पट्टे दिले तर जहागिरीला जास्त पैसा मिळणार होता. म्हणून कुळांना उठवून समुद्रकाठी तुकडा तुकडा जमीन द्यायची आणि मासेमारीला लावायचं, असं ठरलं. पिढ्यान् पिढ्या गुरं राखणाऱ्या, ओट पिकवणाऱ्या माणसांना समुद्राची काय सवय?

डिसेंबर १८१३ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या मोठ्या पट्ट्याचा लिलाव झाला. तो घेतला खुद्द सेलरनं! म्हणजे घरं खाली करून घेणारा तोच आणि रिकाम्या जमिनीवर मेंढरं घालणाराही तोच. वादाचं मूळ इथंच आहे.

जून १८१४ मध्ये सेलर माणसं घेऊन खोऱ्यात आला. घरं पाडली. लोकांनी परत छप्पर उभं करू नये म्हणून आढी-वासे जाळल्याचं साक्षीदारांनी सांगितलं. झाडं कमी असलेल्या त्या मुलखात वासे म्हणजे गरिबाची मोठी पुंजी. मार्गारेट मॅके ही जवळपास शंभरीची, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तिला जळत्या घरातून बाहेर काढावं लागलं आणि काही दिवसांतच ती गेली, असा आरोप झाला.

लोकांनी तक्रार केली. रॉबर्ट मॅकिड या न्यायाधिकाऱ्यानं चौकशी करून सेलरला अटक केली. दोघांचं आधीचं वैर होतं, कारण मॅकिडला चोरटी शिकार करताना सेलरनंच पकडलं होतं. एप्रिल १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. मनुष्यवधाचाही आरोप होता. पण १५ पंचांत बरेचसे जमीनदारच होते. सेलर निर्दोष सुटला. मॅकिडची नोकरी गेली, वर त्याला सेलरची माफीही मागावी लागली.

१८१७ मध्ये सेलरचं कारभारीपद गेलं, पट्टा मात्र राहिला. १८१९ मध्ये दुसऱ्या कारभाऱ्यांच्या हातून आणखी मोठी हकालपट्टी झाली. सेलर मेंढरांवर श्रीमंत झाला, पुढं दुसरीकडं स्वतःची जमीनही घेतली. १८५१ मध्ये तो वारला.

कोर्टाच्या कागदावर तो निर्दोषच आहे. पण बहुतेक कुळांच्या हातात जमिनीचा कागदच नव्हता, आणि कायदा कागदाच्या बाजूनं उभा राहिला. तिथल्या छोट्या कुळांना जमिनीवरून सहजासहजी हटवता येणार नाही असा कायदा यायला १८८६ साल उजाडलं. तोवर स्ट्रॅथनेव्हरची घरं दगडांचे ढीग झाली होती.