पुत्राअभावी खालसा
वरठीच्या भंडारा रोड स्थानकातून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गाच्या इतिहासात लॉर्ड डलहौसीचे नाव टाळता येत नाही. देशातील रेल्वेचा पाया त्याच्याच कारकिर्दीत घातला गेला. २२ एप्रिल १८१२ रोजी एडिंबरोनजीकच्या डलहौसी किल्ल्यात, रॅमसे घराण्याच्या वडिलोपार्जित वास्तूत त्याचा जन्म झाला. १८४८ मध्ये तो गव्हर्नर जनरल झाला. औरस पुत्र नसल्याचे कारण पुढे करून त्याने त्याच वर्षी सातारा आणि तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. भंडाऱ्याचा मुलूखही त्यातच गेला. १८५६ मध्ये प्रकृती खालावलेल्या अवस्थेत तो मायदेशी परतला. १९ डिसेंबर १८६० रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, त्याच किल्ल्यात त्याचे निधन झाले. त्याला दोन्ही मुलीच होत्या. पुत्राअभावी त्याची मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबरच संपुष्टात आली.