काच घासणारा योसेफ

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात श्ट्राउबिंग नावाचे गाव आहे. तेथे ६ मार्च १७८७ रोजी योसेफ फ्राउनहोफर यांचा जन्म झाला. वडील खिडक्यांना काचा बसवायचे. अकरा भावंडांत योसेफ सर्वांत धाकटा. घरची गरिबी. त्यात अकराव्या वर्षी आईबाप दोघेही गेले आणि पोर पोरकं झालं.

मग त्याला म्युनिक शहरात आरसे करणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवले. दिवसभर राबायचे, पण पगार नाही. योसेफला वाचनाचे भारी वेड. मालकाला मात्र ते खपत नसे.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. मालकीणबाई त्यात दगावल्या. चौदा वर्षांचा योसेफ ढिगाऱ्याखाली गाडला गेला. कित्येक तासांनी त्याला जिवंत बाहेर काढले. बव्हेरियाचे अधिपती मॅक्सिमिलियन स्वतः तेथे आले होते. त्यांनी त्याला सोन्याची १८ नाणी दिली. उट्झश्नायडर नावाच्या गृहस्थांनी पुस्तके दिली. योसेफने त्या पैशांत काय घेतलं? काच घासायचं यंत्र! शिवाय पैसे भरून शिकाऊपणातून सुटकाही करून घेतली.

१८०६ साली ते उट्झश्नायडर यांच्या कारखान्यात भिंगे करू लागले. लहान भिंग करणे सोपे; पण मोठ्या काचेत रेघा आणि बुडबुडे राहत. मग मोठे भिंग हवेच कशाला? पावसात अंगणात वाटी ठेवा आणि शेजारी परात ठेवा. पाणी कुठे जास्त साठेल? परातीतच! प्रकाशाचेही तसेच आहे. भिंगाची रुंदी दुप्पट केली की प्रकाश चौपट गोळा होतो. अंधूक ताऱ्यासाठी मोठे भिंगच लागते.

चांगली काच पारखता पारखता १८१४ साली त्यांना सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात काळ्या रेषा दिसल्या. त्यांनी पाचशेहून जास्त मोजल्या. सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे पुढे शास्त्रज्ञांनी याच रेषांवरून ओळखले.

१८२४ साली त्यांची मोठी दुर्बीण डोरपाट येथे बसली. भिंग २४ सेंटिमीटर रुंदीचे! अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे हे भिंग डोळ्याच्या हजारपटीहून जास्त प्रकाश घेई. स्ट्रूव्ह यांनी या दुर्बिणीतून तीन हजारांवर जोडतारे नोंदले. एस्टोनियातल्या त्या गावाला आता टार्टू म्हणतात. दुर्बीण तिथे जपून ठेवली आहे.

७ जून १८२६ रोजी क्षयाने फ्राउनहोफर वारले. वय अवघे ३९.

आता घरातला मोबाईल बघा. त्याचे भिंग ज्वारीच्या दाण्याएवढे. भर उन्हात प्रकाश भरपूर, म्हणून फोटो छान येतो. रात्री भिंगात प्रकाश थोडाच शिरतो आणि फोटोत दाणे दिसतात. मोबाईल जास्त वेळ प्रकाश घेऊ लागला, तर हात हलून फोटो पुसट होतो. म्हणून संध्याकाळी फोटो काढताना माणसाला उजेडाकडे तोंड करून उभे करावे आणि मोबाईल भिंतीला टेकवून धरावा.

आणि पालकांनो, एक विनंती. कामाला ठेवलेल्या त्या पोराला पुस्तके मिळाली, म्हणून जगाला दूरचे तारे दिसले. आपल्या गावातलं एकही पोर शाळेबाहेर राहू देऊ नका.